एकच टॅग, तीन पॉड, दोन दरपत्रकं: चूक कुठे शोधू?

मेघना_बॅकएंड · सकाळी १०:४०

नमस्कार. संध्याकाळची पाळी साडेपाचला सुरू होते, त्याआधी उत्तर सापडायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही चौघं मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. शेतकरी दूध घालतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतं, आमचं ॲप दरपत्रकातून दर काढतं आणि पावती छापतं. दूधबिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यामुळे नवा दर १, ११ किंवा २१ तारखेलाच लागू होतो. आज ११ तारीख. दर वाढला आहे.

दरपत्रकाची फाईल आमच्या इमेजच्या (ॲप आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाईलींचा एक गठ्ठा) आतच असते. काल रात्री फक्त ती फाईल बदलली, कोडची एक ओळही हलली नाही. म्हणून टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीचं नाव, तोच ठेवला, १.४.२. इमेज बांधली, रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या कोठारात) ढकलली आणि कुबरनेटिसला, म्हणजे ॲपच्या प्रती सर्व्हरवर चालवणाऱ्या व्यवस्थेला, 'कुबेक्टल रोलआउट रीस्टार्ट' सांगून सगळ्या प्रती नव्यानं सुरू केल्या. तिन्ही पॉड (ॲपच्या चालत्या प्रती) उठले, एरर एकही नाही. मी झोपले.

सकाळी पावणेसातला एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला. दोन सख्खे भाऊ, एकाच गोठ्यातलं दूध, दोघांचंही फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.५. धाकट्याच्या पावतीवर दर ३५.२०, थोरल्याच्या पावतीवर ३४.६०. थोरल्यानं ११ लिटर घातलं होतं, म्हणजे त्याचे ६ रुपये ६० पैसे गेले. सचिवांनी दोन्ही पावत्या टेबलावर शेजारी ठेवून फोटो पाठवलाय. वेळेत फक्त दोन मिनिटांचा फरक आहे. तो फोटो मी सकाळपासून बघतेय.

आतापर्यंत काय काय पाहिलं ते सांगते. पॉडची माहिती देणारी 'डिस्क्राइब' ही आज्ञा तिन्ही पॉडांवर १.४.२ च दाखवते. रजिस्ट्रीत नवीच इमेज आहे. माझ्या लॅपटॉपवर ओढून चालवली तर दर बरोबर येतो. पण 'एक्झेक' करून एका पॉडात शिरले, तर आत जुनी फाईल! पाळी संपल्यावर पुन्हा रीस्टार्ट केलं, तेव्हा तिघांतला एकच पॉड जुना दर देत होता. आणखी एकदा केलं, तर पुन्हा दोन जुने. आणि स्टेजिंगवर, म्हणजे आमच्या चाचणीच्या जागी, मी महिनोन्महिने अगदी असंच करतेय, तिथे दर वेळी नवी इमेज येते.

सकाळच्या ६१८ पावत्यांपैकी ४०७ जुन्या दराने गेल्या आहेत. प्रत्येक पावतीमागे एक माणूस आहे, त्यानं पहाटे चारला उठून धार काढलेली असते. काय बघू?

---

लिनक्सवाला_पुणे · सकाळी ११:०५

मेघनाताई, 'डिस्क्राइब'मधली 'इमेज' ही ओळ बघू नका. ते नुसतं मागणीपत्र आहे, तुम्ही काय मागितलं ते सांगणारं. प्रत्यक्षात काय मिळालं ते 'इमेज आयडी'त असतं. प्रत्येक पॉडच्या स्टेटसमध्ये ती ओळ सापडेल, तिच्या शेवटी 'एसएचए २५६' आणि पुढे ६४ अक्षरं असतात. हे इमेजचं डायजेस्ट, म्हणजे तिच्या आतल्या मजकुराचा ठसा. तिन्ही पॉडांची काढून शेजारी ठेवा. माझा अंदाज, दोन वेगळी निघतील. सोबत कुठला पॉड कुठल्या नोडवर (सर्व्हरवर) आहे आणि नोड किती जुना आहे तेही लिहा.

कारण असं दिसतंय. 'इमेज पुल पॉलिसी', म्हणजे इमेज रजिस्ट्रीतून कधी ओढायची याचा नियम, तुम्ही लिहिली नसेल, तर कुबरनेटिस स्वतः ठरवतं. टॅग 'लेटेस्ट' असेल किंवा टॅगच नसेल तर 'ऑलवेज', दुसरा कुठलाही टॅग असेल तर 'इफ नॉट प्रेझेंट'. म्हणजे त्या नोडवर १.४.२ नावाची इमेज आधीच पडून असेल, तर रजिस्ट्रीला विचारायलाही कोणी जात नाही. घरात डबा आहे, डब्यावर 'साखर' लिहिलंय, मग वाण्याकडे कशाला जायचं! आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही.

स्टेजिंगचं कोडंही यातच सुटावं. तिथलं डिप्लॉयमेंट (कुठली इमेज चालवायची ते कुबरनेटिसला सांगणारी नोंद) तुम्ही पहिल्यांदा 'लेटेस्ट' टॅगनं तयार केलं होतं का? ही पॉलिसी डिप्लॉयमेंट पहिल्यांदा तयार होताना ठरते. पुढे टॅग बदलला तरी ती आपोआप बदलत नाही. त्यामुळे तिथे 'ऑलवेज' तसंच राहिलं असणार.

---

मेघना_बॅकएंड · सकाळी ११:३०

काढलं. दोन पॉडांचं डायजेस्ट ९एफ४१ ने सुरू होतं, तिसऱ्याचं सी०७बी ने. रजिस्ट्रीत आत्ता १.४.२ खाली सी०७बी आहे.

नोडचं वय: दोन नोड ४१ दिवसांचे, तिसरा आज पहाटेचा. बरोबर दर देणारा पॉड त्या नव्या नोडवरच आहे! त्याच्याकडे जुनी इमेज नव्हतीच, म्हणून त्याला ओढावीच लागली. पॉड कुठल्या नोडवर पडतो त्याप्रमाणे जुन्या पॉडांचा आकडा एक-दोन होत होता, आणि मी तीन तास त्यात कोडची चूक शोधत होते.

स्टेजिंगचंही खरं आहे. दोन वर्षांपूर्वी 'लेटेस्ट'नं सुरुवात केली होती. यामलमध्ये (डिप्लॉयमेंट लिहायच्या आमच्या फाईलीत) पॉलिसी लिहिलेली नाही, पण चालत्या क्लस्टरमध्ये पाहिलं तर 'ऑलवेज' आहे.

मग प्रॉडक्शनला, म्हणजे केंद्रं वापरतात त्या खऱ्या ॲपला, 'ऑलवेज' लावून मोकळी होऊ का?

---

अपर्णा_डेवऑप्स · दुपारी १२:१०

आजची संध्याकाळ त्यानं निभावेल, पण तिथे थांबू नका असं कळकळीनं सांगते.

'ऑलवेज' म्हणजे दर वेळी सगळी इमेज नव्यानं उतरते असं लोक समजतात. तसं नाही. पॉड उठताना रजिस्ट्रीला विचारलं जातं की या टॅगचं डायजेस्ट सध्या काय आहे, आणि जे थर नोडवर आहेत ते परत उतरत नाहीत. त्यामुळे वेळेची काळजी नको. काळजी दुसरी आहे. समजा पहाटे साडेसहाला एक पॉड कोसळून नव्यानं उठला, आणि तेवढ्यात कोणी १.४.२ वर आणखी काही ढकललंय. बाकी दोन जुने, एक नवा. तुमचे दोन भाऊ पुन्हा दोन दरांत! शिवाय त्या क्षणी रजिस्ट्री पोचण्याजोगी नसेल तर तो पॉड उठणारच नाही.

आणि मागे फिरायची वाट बंद होते, ते मला जास्त लागतं. 'रोलआउट अनडू' केलंत तर कुबरनेटिस आधीच्या नोंदीतला टॅग लावेल. तो कोणता? १.४.२ च. नावाची चिठ्ठी नव्या इमेजवर चिकटवलीत, त्या क्षणी जुनीकडे परतायचं नाव उरलं नाही. जुनं डायजेस्ट कुठे लिहून ठेवलं असेल तरच.

संध्याकाळसाठी इमेज परत बांधू नका. सी०७बी तपासलेली आहे, तिलाच रजिस्ट्रीत १.४.३ हा नवा टॅग द्या आणि डिप्लॉयमेंटमध्ये तो लिहा. किंवा टॅग न लिहिता इमेजचं नाव, पुढे ॲट चिन्ह आणि पूर्ण डायजेस्ट लिहा, तो सगळ्यात पक्का मार्ग. मग रोलआउट पूर्ण होऊ द्या आणि तिन्ही इमेज आयडी एकच आहेत ना ते डोळ्यांनी बघा. पावत्या त्यानंतर.

---

किरण_टोरांटो · दुपारी १२:४५

इथे बरेच जण कुबरनेटिस न वापरणारेही आहेत, त्यांच्यासाठी. गूगलच्या क्लाऊड रन या सेवेवर हीच सवय उलटी अंगाशी येते. तिथे डिप्लॉय करताना टॅगचं डायजेस्ट एकदाच ठरतं आणि ती रिव्हिजन (त्या डिप्लॉयची आवृत्ती) कायम त्याच डायजेस्टवर चालते. त्याच टॅगवर नवी इमेज ढकलून कितीही वेळ थांबा, काही बदलत नाही. नवी रिव्हिजन काढावी लागते. इन्स्टन्स (चालत्या प्रती) एकमेकांशी भांडत नाहीत हे चांगलं, पण 'मी ढकललं तरी जुनंच का दिसतंय' हा प्रश्न तिथून येतो.

दुसरी गोष्ट, तुमची इमेज कशावर उभी आहे तेही बघा. माझं स्वतःचं सांगतो. डॉकरफाईलच्या (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाईलीच्या) पहिल्या ओळीत पायाची इमेज म्हणून पायथन ३.११ स्लिम एवढंच लिहिलं होतं. जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती, म्हणजे बुकवर्म आलं आणि तो टॅग बुलसाय (डेबियन ११) सोडून बुकवर्मवर सरकला. माझ्या गिटमध्ये शून्य बदल, पण पीडीएफ बनवणारी बायनरी 'लिब एसएसएल १.१ सापडत नाही' म्हणून मरायला लागली, कारण बुकवर्ममध्ये ओपनएसएसएल ३ आहे. दोन दिवस मी स्वतःच्याच कोडवर संशय घेत होतो. तेव्हापासून पहिल्या ओळीत डेबियनचं नाव लिहितो आणि पुढे डायजेस्ट.

टीममध्ये कोणाकडे एम१ किंवा पुढचा मॅक असेल, तर त्यावर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरची होते. सर्व्हर इंटेलचा असेल तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. तिथे टॅग बरोबर असूनही माणूस टॅगच तपासत बसतो.

---

लिनक्सवाला_पुणे · दुपारी १:१५

अपर्णाताईंशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. रजिस्ट्रीत टॅग 'इम्युटेबल' (न बदलता येणारा) करायची सोय असेल तर आजच चालू करा. मग त्याच टॅगवर पुन्हा ढकलायला गेलात तर रजिस्ट्रीच नाही म्हणेल. रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाला कोणीतरी नाही म्हणणारं हवं.

आणि दरपत्रक इमेजमधून बाहेर काढा. पण कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंग्ज ठेवायची कुबरनेटिसची सोय) टाकून सुटलो असं समजू नका. व्हॉल्यूम म्हणून, म्हणजे पॉडला फोल्डरसारखा, लावलेला कॉन्फिगमॅप प्रत्येक नोडवर आपापल्या वेळी ताजा होतो, तेवढा वेळ दोन पॉडांत दोन दर राहतील. 'सबपाथ'नं, म्हणजे त्यातला एकच भाग निवडून, लावला असेल तर तो ताजा होतच नाही. दर डेटाबेसमध्ये ठेवा, 'या तारखेपासून, या पाळीपासून लागू' या रकान्यांसह. पावतीच्या तारखेवरून आणि पाळीवरून दर निघाला, की कुठला पॉड उत्तर देतोय याला अर्थच उरत नाही.

---

मेघना_बॅकएंड · रात्री ९:२०

तिघांचेही मनापासून आभार. काय केलं ते लिहिते, पुढे कोणाला हाच धागा सापडला तर उपयोगी पडेल.

दुपारी दोनला सी०७बी पूर्ण डायजेस्टसह डिप्लॉयमेंटमध्ये लिहिली. तिन्ही पॉड, तीनदा तपासून, एकच आयडी. मग ॲपला एक छोटा पत्ता दिला, तो उघडला की पॉडचं नाव, कमिट (कोडच्या बदलाचा ओळखक्रमांक) आणि दरपत्रकाचा क्रमांक येतो. पावतीच्या तळाशीही बारीक अक्षरात 'दरपत्रक क्र.' छापायला घेतलंय. सचिवांना फोटो काढून मला पाठवावा लागू नये, पावती बघूनच कळावं.

टॅग आता तारीख आणि कमिटची पहिली आठ अक्षरं असा आपोआप बनेल. बिल्डची स्क्रिप्ट आज बदलली, हातानं टॅग द्यायची सोयच काढली. इम्युटेबल चालू केल्यावर मुद्दाम जुन्या टॅगवर ढकलून पाहिलं. रजिस्ट्रीनं नाकारलं.

दर डेटाबेसमध्ये न्यायला वेळ लागेल. पाळीचा रकाना माझ्या डोक्यात नव्हता, तो घेतलाय. २१ तारखेच्या आत ते व्हायलाच हवं, नाहीतर पुढचा दर मी लावणार नाही असं टीमला सांगितलंय.

४०७ पावत्यांचा फरक काढून प्रत्येक सभासदाच्या खात्यावर वेगळी जमा नोंद टाकली, म्हणजे २० तारखेपर्यंतच्या बिलात ती वेगळ्या ओळीत दिसेल. जुन्या पावत्या बदलल्या नाहीत. लोकांच्या खिशात कागद आहे, त्यावर एक आणि आमच्याकडे दुसरं असं नको.

संध्याकाळी त्या केंद्रावर स्वतः गेले होते. दोघं भाऊ आले, फॅट या वेळी ३.९ आणि ३.९. दोन्ही पावत्यांवर दर सारखाच. थोरल्यानं सकाळच्या ६ रुपये ६० पैशांची नोंद मोबाइलवर दाखवायला सांगितली, दाखवली. त्यानं नीट वाचली आणि कॅन उचलून गेला.