मदत हवी आहे: नाटकातल्या म्हाताऱ्याला मारू की ठेवू?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या (फोंड्याजवळ) जत्रेला यंदा मुलांचं मराठी नाटक बसवतोय. पोरांना राजा-राणी नको, राक्षस आणि तळघर हवंय. म्हणून मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या 'डायब्लो' या राक्षस-तळघरांच्या कॉम्प्युटर गेमकडे वळलो. गोष्ट माझीच, पण त्यातल्या डेकार्ड केनसारखा एक जाणता म्हातारा हवाय.

पहिल्या भागात हा केन अनोळखी वस्तू ओळखून द्यायचे १०० सोन्याची नाणी घेतो. ज्ञानी असला तरी फुकट नाही, हे मला फार आवडलं! २००० सालच्या दुसऱ्या भागात तो जळक्या गावात पिंजऱ्यात लटकलेला सापडतो. आपण सोडवला की मग एक पैसा घेत नाही. गुरूला आधी शिष्याने वाचवायचं, ही गंमत आहे.

२०१२ च्या तिसऱ्या भागात मात्र तो पहिल्याच अंकात मरतो. मला ते घाईचं वाटलं. इतक्या वर्षांचं माणूस, आणि असं?

अडचण अशी की माझा म्हातारा रंगमंचावर आला की नुसता बोलत सुटतो. तालमीत एक पोरगा म्हणाला, "काका, हो कितें उलयता इतलें!" (किती बोलतो हा!) दशावतारातल्या संकासुरासारखा थोडा विनोदी करू का? आणि त्याला मारायचं असेल तर नेमकं कधी? नाटक लिहिणाऱ्यांनी, गेम खेळणाऱ्यांनीही, जरा सांगा. पुढच्या रविवारी तालीम आहे.