नवतपात हेनी: तीन आणले, एक गेला, उरलेल्या दोघांचं पटेना

मनीषनगरचा_खारा:
राजेहो, मदत करा. माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी चार फुटी, दीड रुंद, दोन उंच. दगड-वाळू वजा जाता २८० लिटरच्या आसपास पाणी. दोन क्लाउन अन् एक डॅमसेल मासा दीड वर्षापासून सुखात आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईहून रेल्वे पार्सलनं तीन हेनी मासे मागवले. पांढऱ्या अंगावर दोन काळे पट्टे, शेपटी पिवळी, पाठीवर लांब पांढरा तुरा. विकणारा म्हणाला, "हा थव्यानं राहणारा बटरफ्लाय मासा, एकटा ठेवू नका, कमीत कमी तीन घ्या." घेतले. बाबा म्हणाले, "मासेच पाहायचे होते तर फुटाळा तलावावर जायचं होतं."

खोका दुपारी दोनला हाती आला. पिशव्या उघडून मासे बादलीत घेतले अन् थेंब-थेंब टाकीचं पाणी सोडत तीन तास बसलो. एका व्हिडिओत तसंच पाह्यलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आडवा. उरलेल्यांत जो मोठा आहे, माझ्या तळहाताएवढा, तो लहान्याला जगू देऊन नाही राह्यला. चावत नाही. तोंड खाली करून पाठीचे काटे त्याच्याकडे रोखतो अन् तिरपा तिरपा सरकत त्याला कोपऱ्यात नेतो. लहाना दिवसभर रिटर्न पाइपमागं (फिल्टरचं पाणी टाकीत परत आणणारा पाइप) उभा. मायसिस (खाऊ म्हणून टाकतो ती बारीक कोळंबी) नाकासमोरून वाहून जाते, तोंड उघडत नाही.

चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) नाही. दहा दिवसांपासून पाण्यावर दोन पंखे, खोलीत कूलर, खिडक्या बंद. नवतपाचं ऊन, बाहेर ४५ अंश, टाकीत ३०.५. मला एवढंच विचारायचं आहे की आणखी दोन आणून पाचाचा थवा केला तर मोठ्याचा राग वाटला जाईल का?

धरमपेठ_रीफ:
आणू नका. आधी हे सांगा, पंखे लावल्यावर पाणी रोज किती उतरतं? आणि भरता कशानं?

मनीषनगरचा_खारा:
सहा-सात लिटर. भरतो मीठ कालवलेल्या पाण्यानंच, समुद्राची टाकी आहे ना दादा.

धरमपेठ_रीफ:
अरे बाप्पा! मीठ उडत नसतं भाऊ, पाणी उडतं. तुम्ही दहा दिवसांपासून रोज टाकीत दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम जास्तीचं मीठ ओतताय. आत्ता क्षारता मोजा.

मनीषनगरचा_खारा:
विशिष्ट घनता १.०३१. शेजारच्या टाकीवाल्याचा रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणून पुन्हा पाह्यलं, तेच.

धरमपेठ_रीफ:
१.०२५ पाहिजे. आता घाबरून एकदम गोडं पाणी ओतू नका. रोज थोडं खारं काढा, तेवढंच साधं आरओचं घाला. दिवसाला ०.००१ उतरलं तरी पुष्कळ. उडालेल्या पाण्याच्या जागी यापुढे फक्त साधं आरओ.

दुसरं म्हणजे तो कूलर. आपल्या नागपुरात मे महिन्यात पंख्यानं टाकी तीनेक अंशांनी सहज उतरते, कारण हवा कोरडी ठक्क असते. तुम्ही खिडक्या बंद करून त्याच खोलीत कूलर चालवताय, म्हणजे हवा ओली करून पंख्याचंच काम बिघडवताय. कूलर ठेवायचा तर खिडकी उघडी ठेवा. पाऊस लागला की पंखे तसेही निकामी होतील, तेव्हासाठी चिलरचे पैसे आतापासून बाजूला टाका. आणि चिलर टाकीच्या खोलीत ठेवू नका, तो पाण्यातली उष्णता खोलीतच ओकतो. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी एअर पंप. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्यात अजून कमी. लहान्याला धाप लागलेली असेल तर निम्मं कारण हेच.

कुर्ल्याची_ताई:
माशाबद्दल मी सांगते. हेनी म्हणून बाजारात दोन वेगळे मासे विकले जातात आणि दिसायला सख्खे भाऊ. थव्यानं राहणारा तो हेनिओकस डिफ्रूटिस. तो मोकळ्या पाण्यात झुंडीनं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खात फिरतो. दुसरा हेनिओकस ॲक्युमिनाटस. तो लहानपणी बरा वागतो, मोठा झाला की बहुधा एकटा नाहीतर जोडीनं राहतो, आणि २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आडव्या बाजूनं फोटो काढा आणि पाठीच्या पराचे काटे मोजा. ज्याचा लांब तुरा झालाय तो चौथा, तिथून पुढं मोजायला सोपं जातं. बारा भरले तर बहुतेक डिफ्रूटिस, अकरा भरले तर दुसरा.

तुमचा पहिला मासा मात्र त्या तीन तासांनी गेला असावा. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं, म्हणून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. लांबून आलेला मासा पिशवी बंद असतानाच टाकीवर तरंगत ठेवायचा, तापमान जुळलं की उघडून लगेच समान क्षारतेच्या पाण्यात सोडायचा. आणि ते पाणी वेगळ्या टाकीतलं हवं. निदान महिनाभर तिथं ठेवल्याशिवाय कोणताही बटरफ्लाय मुख्य टाकीत नको.

मनीषनगरचा_खारा:
ताई, बेचाळीस फोटो काढले. दोघांचे अकरा-अकरा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "हेनी म्हणजे हेनीच असते."

लहान्यासाठी आईची भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळी उचलली अन् टाकीत टांगली. आई अजून बोलत नाही. पण जाळीत गेल्यावर अर्ध्या तासात त्यानं मायसिस उचलली, संध्याकाळी स्पायरुलिनाचे फ्लेक्सही. क्षारता पाच दिवसांत १.०२६ झाली. खिडकी उघडली तर टाकी २८.

थव्याचा नाद सोडला. पण दोघं या टाकीत मावत नाहीत हे आता दिसून राह्यलं. कोणाला द्यायचा?

धरमपेठ_रीफ:
माझी सहा फुटी आहे, साडेपाचशे लिटर, हेनी नाही. मोठा द्या. लहान्याला निदान वर्षभर तुमच्याकडे जागा पुरेल, आणि डॅमसेलला तो घाबरत नसेल तर मुक्काम वाढेल. मोठ्याला आधी माझ्या वेगळ्या टाकीत ठेवीन, तिची क्षारता तुमच्याएवढी करून ठेवतो. दुपारी उन्हात निघू नका. सातनंतर या, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, आणि निघायच्या दिवशी माशाला खाऊ घालू नका.

मनीषनगरचा_खारा:
शनिवारी येतो दादा. आईची जाळी तेवढी नवी घ्यायची आहे वाटेत.