आधी चष्मा काढून ऐका

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेला हेडफोन घेऊनही बास (खालचा, जाड आवाज) पातळ लागतो म्हणताय, तर आधी चष्मा काढून ऐका. काडीमुळे हेडफोनची गादी कानाभोवती नीट टेकत नाही, फट राहते आणि 100 हर्ट्झच्या खालचं बरंचसं तिथूनच निसटतं. माझंही तेच झालं होतं. लातूरच्या दुकानदाराशी उगाच हुज्जत घातली.

दोन हेडफोन ताडताना आवाज सारखा ठेवा, नाहीतर जरा मोठा वाजणाराच भारी वाटतो. आणि डीजेची गाणी नकोत, त्यात सगळंच धमधमतं. तुळजापूरकडचा गोंधळ लावा. संबळाच्या जोडीतल्या मोठ्याचा घुमारा उठून लगेच बसला पाहिजे. तो रेंगाळून गोंधळ्याच्या गळ्यावर चढत असेल, तर बास नुसता जास्त आहे, चांगला नाही. माझा जुना हेडफोन असाच होता, भाच्याला देऊन टाकला. भाचा खूश आहे!