मदत हवी आहे: क्लीन इन्स्टॉल करताना एसएसडी दिसत नाहीये, फक्त डेटावाली हार्ड डिस्क दिसतेय

नमस्कार मंडळी,

काल रात्रीपासून अडकलेय, कोणी जाणकार असेल तर प्लीज बघा. लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकायचंय, म्हणजे सगळं पुसून, अगदी कोरं. आधी विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून ११ वर अपग्रेड केलं होतं, पण मधल्या काळात घरातल्या सगळ्यांनी लॅपटॉप वापरला आणि कुठून कुठून काय काय डाउनलोड केलं, आता ब्राउझर उघडला की आपोआप भलत्याच साइट उघडतात आणि चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं लागतात. सेटिंग्जमधून रिसेट करून पाहिलं, ते अर्ध्यावर थांबलं आणि काहीच बदललं नाही असा मेसेज आला. म्हणून शेवटी क्लीन इन्स्टॉल.

लॅपटॉप इंटेल ११व्या जनरेशनचा आय५ आहे, रॅम ८ जीबी. आत दोन डिस्क, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी (यावर विंडोज, सी ड्राइव्ह) आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क (डी ड्राइव्ह). मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवला, त्यावरून बूटही नीट झालं, भाषा वगैरे निवडली, आणि विंडोज कुठे टाकायचं विचारतात त्या स्क्रीनवर आले तर तिथे एकच डिस्क. डिस्क ०, ९३१.५ जीबी. मला वाटलं हीच असेल, डिलीटवर माउस नेला पण होता, मग आकडा नीट पाहिला आणि हात थांबला. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसते आणि ५१२ वाली ४७६ च्या आसपास, म्हणजे समोर दिसत होती ती माझी डी ड्राइव्ह. त्यात बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत, ते आता नाहीत, आणि त्याची दुसरी कॉपी मी आजवर केलेलीच नाही. इन्स्टॉलर सरळ बंद केला.

एसएसडी खराब झाली म्हणावं तर जुनं विंडोज अजून त्याच एसएसडीवरून चालू होतंय, हळू का होईना. एका व्हिडिओत सांगितलंय की बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी नावाची सेटिंग बंद करा, ते करू का? आणि प्रॉडक्ट की माझ्याकडे कुठे लिहिलेली नाहीये, ती लागेल का? कृपा करून सविस्तर सांगा, डी ड्राइव्हला काही झालेलं मला चालणार नाही.

प्रतिसाद

ताई, थांबलात ते फार बरं केलंत. एसएसडीला काही झालेलं नाही. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या मागे असते आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला तर डिस्क दिसत नाही. हार्ड डिस्क साटा या वेगळ्या जोडणीवर आहे म्हणून ती दिसली. व्हीएमडी बंद केलं तर एसएसडी दिसेल, पण मग जुनं विंडोज सुरू व्हायचं नाही, आणि तुम्हाला अजून त्यातून डेटा काढायचाय, तेव्हा त्याला आत्ता हात लावू नका.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमचा मॉडेल नंबर टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा. तो ईएक्सई असेल तर एक्स्ट्रॅक्ट करा, इन्स्टॉलरला आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती असलेली) लागते, नुसती ईएक्सई टाकलीत तर काही उपयोग नाही. तो फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याच स्क्रीनवर लोड ड्रायव्हर करून तो दाखवा.

त्याआधी दोन गोष्टी. रेकॉर्डिंग्जची कॉपी दुसरीकडे, आजच. आणि डी ड्राइव्हच्या आयकॉनवर कुलूप दिसतंय का बघा. दिसत असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे. आत्ता ती आपोआप उघडते पण नवीन विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती नसली तर डिस्क शाबूत असूनही आतलं काही मिळणार नाही. प्रॉडक्ट कीची काळजी नको, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, 'की नाही' वर क्लिक करा आणि आत्ता विंडोजची होम आवृत्ती असेल तर होमच निवडा, प्रो नको. जमलं तर इन्स्टॉल करताना हार्ड डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे चुकीच्या डिस्कवर क्लिक व्हायचा प्रश्नच नाही.

मूळ धागाकर्ती

दादा, खरंच कसे आभार मानू. डी वर कुलूप होतं! उघडं कुलूप, रोज डोळ्यासमोर असून कधी लक्षातच आलं नव्हतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून की शोधली, तिथे दोन होत्या, की आयडी जुळवून डी ची कुठली ते पक्कं केलं आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट कागदावर लिहून दोनदा पडताळले. रेकॉर्डिंग्ज एक्स्टर्नल डिस्कवर घेतली, नुसती कॉपी करून सोडली नाहीत, प्रत्येक फाइल लावून ऐकली, त्यातच दुपार गेली.

हार्ड डिस्क काढायची मात्र हिंमत झाली नाही, मागचा स्क्रू फिरत नव्हता. ड्रायव्हर दाखवल्यावर दोन सेकंदांत खाली ४७६.९ जीबीची डिस्क १ आली. तिच्यावरचीच चारही पार्टिशन डिलीट केली, दर वेळी डिस्क १ आहे ना हे मोठ्याने वाचून, आणि उरलेल्या अनअलोकेटेड (रिकाम्या) जागेवर नेक्स्ट. पुढे वायफाय दिसेना, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं) तेव्हा सेटअप पुढे सरकलं. अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप झालं. डी वर क्लिक केलं तर खरंच की मागितली, टाकली, उघडली.

आता एकच राहिलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन ठिकाणी पिवळं चिन्ह आहे, 'अननोन डिव्हाइस' म्हणतंय. वायफायचा ड्रायव्हर टाकून झाला, मग हे कशाचं असेल आणि कसं ओळखायचं?