पराभव समोर दिसत असताना उपाध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडतात?

शंकासुर:
अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार जनमत चाचण्यांत बराच मागे असेल, तर जोडीदार निवडण्याचे निकष बदलतात का? की हिशेब तोच, एखादे मोठे राज्य पदरात पाडून देणारा माणूस? १९८४ मध्ये डेमोक्रॅट मॉन्डेल यांनी फेरारो यांना आणि २००८ मध्ये रिपब्लिकन मॅकेन यांनी पेलिन यांना जोडीदार म्हणून घेतले, ते धाडस होते की नाइलाज? प्रत्यक्ष पद्धतही कोणी सांगितली तर बरे.

मतपेटी:
बदलतात. पुढे असलेल्याला 'घोळ घालणार नाही' एवढा गुण पुरतो. मागे असलेल्याला मात्र बातमी हवी असते, आणि आपल्याकडे न फिरकणारा एखादा मतदारगटही.

पद्धत साधारण अशी: काम एखाद्या विश्वासू वकिलाकडे सोपवतात. आधी सार्वजनिक नोंदींवरून चाळणी लागते. उरलेल्या पाच-सहा जणांना लांबलचक प्रश्नावली जाते. अनेक वर्षांची आयकर विवरणपत्रे, आजारपणे, कोर्टकज्जे, जुनी भाषणे, नवऱ्याचे किंवा बायकोचे धंदे, सगळे खणून काढतात. उमेदवाराची स्वतःची भेट शेवटी. हे नीट करायचे तर महिना-दोन महिने जातात, आणि मागे असलेल्याचे नेमके इथेच बिनसते.

१९७२ बघा. डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांना टेड केनेडींसह बऱ्याच जणांनी नकार दिला. पक्षाच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदाचे नाव कळवायची वेळ संपत आलेली. सिनेटर ईगलटन यांना फोनवर विचारले, काही लपवण्यासारखे आहे का? ते म्हणाले, नाही. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटके दिले गेले होते, हे नंतर बाहेर आले. ईगलटन यांना तो दोष वाटतच नव्हता, म्हणजे प्रश्नच ढिसाळ होता. 'कधी रुग्णालयात दाखल होता का, कशासाठी' असे विचारायला हवे होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, 'हजार टक्के पाठीशी', आणि निवडीनंतर १८ दिवसांनी ईगलटन बाहेर. आजारापेक्षा या कोलांटउडीनेच मॅकगव्हर्न यांचे जास्त नुकसान केले, असे माझे मत.

फेरारो यांची निवड मात्र घाईची म्हणता येणार नाही. मॉन्डेल यांनी मिनेसोटातल्या घरी एकेका इच्छुकाला बोलावून उघडपणे मुलाखती घेतल्या होत्या. अडले ते नवऱ्याच्या आयकर विवरणपत्रांवर. ऑगस्टमध्ये फेरारो यांना जवळपास दोन तास पत्रकारांना तोंड द्यावे लागले, आणि तोवर प्रतिस्पर्धी रेगन यांच्याबद्दल कोणी बोलतच नव्हते. निकाल: राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टरांच्या मतांत रेगन ५२५, मॉन्डेल १३.

तळटीप:
राज्य पदरात पडते हा समज मात्र सोडून द्या. १९६० मध्ये जॉन्सन यांच्यामुळे जॉन केनेडींकडे टेक्सास आले असे मानायला जागा आहे, पण एरवी? १९८८ मध्ये डेमोक्रॅट डुकाकिस यांनी टेक्साससाठी तिथले सिनेटर बेन्ट्सन यांना घेतले (तेव्हा डुकाकिस चाचण्यांत पुढे होते, म्हणून उदाहरण अगदी चपखल नाही). टेक्सास थोरल्या बुश यांनी जिंकले. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच राज्यात बेन्ट्सन सिनेटची जागा मात्र राखून होते, कारण तिथला कायदा दोन्ही पदांसाठी उभे राहू देतो. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचे रायन जोडीला असूनही ते राज्य रॉम्नी यांच्या हाती लागले नाही.

पेलिन यांच्याबाबत: मॅकेन यांच्या मनात सिनेटर लिबरमन होते, पण गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणारा माणूस रिपब्लिकन प्रतिनिधींनी चालवून घेतला नसता. मग थोड्या दिवसांत पेलिन यांची छाननी उरकली. घोषणा २९ ऑगस्टला, प्रतिस्पर्धी ओबामांच्या अधिवेशनातील भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे त्या भाषणाची बातमीच गिळून टाकली. डावपेच म्हणून अचूक! अधिवेशनानंतर काही चाचण्यांत मॅकेन पुढेही गेले. पण अशी उसळी टिकत नाही. सप्टेंबरच्या मध्याला लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि चर्चा अर्थव्यवस्थेकडे वळली. पाठोपाठ पेलिन यांच्या दूरचित्रवाणी मुलाखती फसल्या.

शंकासुर:
म्हणजे नाइलाजच. मोठी नावे नकार का देतात? आणि मध्येच माणूस बदलता येतो?

बांधावरून:
नकार देतात, कारण पराभवाचा शिक्का बसतो आणि चार वर्षांनी स्वतः उभे राहायचे असते. ज्याला सध्याची जागा सोडावी लागत नाही तो तुलनेने लवकर होकार देतो.

दुसरी बाजू पक्षाची. सिनेटर उपाध्यक्ष झाला तर बहुतेक राज्यांत रिकाम्या जागेवर गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतो. २०१६ मध्ये ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राउन यांचे नाव चर्चेत होते, पण तिथे गव्हर्नर रिपब्लिकन होते. जिंकूनही सिनेटची जागा गेली असती.

आणखी एक खाच: बारावी घटनादुरुस्ती. इलेक्टरला (अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही पदांसाठी स्वतःच्याच राज्यातल्या दोघांना मत देता येत नाही. म्हणून २००० मध्ये टेक्सासच्याच धाकट्या बुश यांचे जोडीदार चेनी यांनी टेक्सासमधली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश २७१ इलेक्टरांच्या मतांवर निवडून आले. टेक्सासची ३२ मते चेनी यांना मिळाली नसती तर बहुमत हुकले असते.

बदल करता येतो. ईगलटन यांच्या जागी श्रायव्हर यांना पक्षाच्या राष्ट्रीय समितीने बसवले, तेही ऑगस्टच्या सुरुवातीलाच. आज मुदत त्याहून आवळलेली आहे: परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात, आणि त्यावर नाव छापून झाले की ते बदलणे फार अवघड.