मदत हवी आहे: जीपचा हॉर्न वाजत नाही, गुरुवारी पासिंग आहे

वाईकर_जीप | रविवार, रात्री ९.४०

हॉर्न बंद आहे. फ्यूज बदलला, हॉर्न नवीन आणून लावला, फ्यूजपासून हॉर्नपर्यंतची वायरही नवीन ओढली. तरी बटण दाबलं की काही नाही. इलेक्ट्रिशियनने शनिवारी तीन तास घालवले आणि सांगितलं, पूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) बदलावा लागेल, आठ हजार. गुरुवारी साताऱ्याला पासिंग आहे. शिवाय माझा रोज पसरणी घाट असतो, आंधळ्या वळणावर हॉर्न न देता गाडी पुढे घालायची हिंमत होत नाही. कुणाला नक्की माहीत असेल तर लवकर सांगा.

कोयनाकाठ | रविवार, रात्री ९.५५

कुठली जीप? साल? पेट्रोल की डिझेल? सहा व्होल्ट की बारा? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वाईकर_जीप | रविवार, रात्री १०.०२

महिंद्रा, जुनी, उंच बॉनेटवाली. बॅटरी बाराची. हॉर्नला याचा काय संबंध?

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०.१०

संबंध आहे दादा. सहा व्होल्टच्या गाडीत बाराचा हॉर्न लावला तर नुसता घरघरतो, आणि बाराच्या गाडीत सहाचा लावला तर थोड्या दिवसांत जळतो. तुमची जीप सीजे ३बी मॉडेलची दिसते. आता हे सांगा: नव्या हॉर्नला टर्मिनल एक आहे की दोन? आणि बॅटरीवर थेट लावून वाजवून पाहिला का?

जुनंतेसोनं७२ | रविवार, रात्री १०.३१

उंच बॉनेट म्हणजे सीजे ३बीच. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं, आपल्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिलं. गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर साध्या पासिंगऐवजी विंटेज नोंदणी करा. २०२१ पासून तसा नियम आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, फी वीस हजार, दहा वर्षं बघायला नको.

वाईकर_जीप | रविवार, रात्री १०.४४

१९७२ ची आहे, पेट्रोल. वडिलांनी घेतलेली. विंटेज नोंदणी नको, मी ती रोज शेतावर नेतो. हॉर्नला दोन टर्मिनल आहेत. बॅटरीवर थेट लावला की खणखणीत वाजतो. म्हणजे हॉर्न चांगला आहे हे मला माहीत आहे. बटण दाबल्यावर वाजत नाही हा प्रश्न आहे.

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०.५०

हे पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. जुनंतेसोनं, विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढता येते. त्यांना तो सल्ला देऊ नका.

नाशिकचा_फिटर | सोमवार, सकाळी ७.१५

ब्रश गेलाय. शंभर टक्के. या गाडीत स्टिअरिंग कॉलमच्या नळीला बाहेरून एक छोटा ब्रश बसवलेला असतो, तो आतल्या शाफ्टवरच्या पितळी रिंगला टेकतो. तिथून वायर शाफ्टच्या पोकळीतून वर बटणापर्यंत जाते. ब्रशची स्प्रिंग ढिली होते, रिंगवर ग्रीस आणि धूळ बसते, की हॉर्न बंद. तीस वर्षांत अशा पन्नास तरी गाड्या केल्या असतील. ब्रश काढा, रिंग पॉलिश पेपरने घासा, काम झालं. आठ हजार देऊ नका कुणाला.

सह्यभटकंती | सोमवार, सकाळी ८.४०

एवढं उघडत बसण्यापेक्षा डॅशबोर्डवर वेगळं बटण लावा. माझ्या गाडीला दारावरच्या बेलचं बटण लावलंय, दोन वर्षं झाली, एकदाही दगा दिला नाही. पासिंगला हॉर्न वाजला म्हणजे झालं.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल | सोमवार, सकाळी ९.०५

बेलचं बटण लावू नका. एक हॉर्न साधारण चार-पाच अँपिअर घेतो. बेलच्या बटणाचे कॉन्टॅक्ट एवढ्या डीसी करंटसाठी नसतात, दर दाबण्याला आत ठिणगी पडते. एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतील आणि घाटात हॉर्न बंद करता येणार नाही. बटण वेगळं लावायचंच असेल तर मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. तो कुठल्याही जुन्या गाडीला लावावाच असं माझं मत आहे. रिलेच्या तीस नंबरच्या पिनला बॅटरीची वायर पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून, सत्त्याऐंशीला हॉर्न, शहाऐंशीला पॉझिटिव्ह, पंच्याऐंशी बटणाकडे. हॉर्नचं दुसरं टर्मिनल मग थेट अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या लोखंडाला. बटणातून मिलिअँपिअरमध्येच करंट जातो, कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षं टिकतात.

नाशिकचा_फिटर | सोमवार, सकाळी ९.२०

कंपनीने या गाडीला रिले दिला नव्हता आणि पन्नास वर्षं हॉर्न वाजत होता. आधी बिघाड शोधा, मग रिलेचं बघा.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल | सोमवार, सकाळी ९.२६

बिघाड शोधू नका असं मी कुठे म्हटलं? पण पन्नास वर्षांत वायरचा रेझिस्टन्स वाढतो, हे तुम्हालाही मान्य असेल.

वाईकर_जीप | सोमवार, दुपारी १.१०

ब्रश काढला. रिंग काळी पडली होती, ती घासून चकचकीत केली. स्प्रिंगला ताण आहे. परत बसवलं. हॉर्न नाही. आता काय? व्हील ओढून काढायचा पुलर नाही माझ्याकडे, नाहीतर स्टिअरिंग व्हील काढून बटणाची बाजूही बघितली असती. हातोड्याने काढू का?

नाशिकचा_फिटर | सोमवार, दुपारी १.३०

हातोडा अजिबात मारू नका! वरून मारलेला प्रत्येक ठोका खाली स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. पुलर भाड्याने आणा. मग रिंगला जोडलेली वायर आतून तुटली असेल, दुसरं काही नाही.

परदेशी_पुणेकर | सोमवार, दुपारी ३.५०

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे १९४६ ची सीजे २ए आहे, सहा व्होल्टची, त्यामुळे हे सगळं हातून गेलेलं आहे. स्टिअरिंग व्हील काढायच्या आधी दोन मिनिटांची एक तपासणी करा.

या जीपमध्ये हॉर्नला पॉझिटिव्ह कायम मिळत असतो. बटण पॉझिटिव्ह जोडत नाही, ते अर्थ जोडतं. म्हणजे करंट बॅटरीतून हॉर्नमध्ये, हॉर्नच्या दुसऱ्या टर्मिनलमधून ब्रशला, ब्रशमधून वर बटणाला, आणि बटण दाबलं की स्टिअरिंग शाफ्टवाटे खाली अर्थला. इलेक्ट्रिशियन पॉझिटिव्हच्या बाजूने शोधत बसला असेल तर तीन तास काय, तीन दिवस लागले असते.

टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, टोक हॉर्नच्या एका टर्मिनलला आणि मग दुसऱ्याला टेकवा. बटण न दाबता दोन्हीकडे बल्ब लागायला हवा, दुसरीकडे थोडा मंद. आता दुसऱ्या टर्मिनलवर टोक ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बल्ब विझला पाहिजे. विझला नाही तर अर्थ मिळत नाही. मग ब्रशकडे येणारी वायर सोडवा आणि तिचं उघडं टोक आधी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा, नंतर स्टिअरिंग बॉक्सच्या उघड्या लोखंडाला. दोन्ही वेळा काय होतं ते लिहा.

वाईकर_जीप | सोमवार, संध्याकाळी ६.२५

केलं. बल्ब दोन्हीकडे लागतो, बटण दाबलं तरी विझत नाही. वायरचं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, हॉर्न वाजला. स्टिअरिंग बॉक्सला टेकवलं, काहीच नाही. बॉक्सवर जिथे टेकवलं तिथे पॉलिश पेपर मारून लोखंड उघडं केलं होतं.

एक गोष्ट आज लक्षात आली. ब्रश परत लावून गाडी मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि बटण दाबलं तर एकदा बारीक आवाज आला. परत केलं तर नाही आला.

नाशिकचा_फिटर | सोमवार, संध्याकाळी ६.४०

बघा! वळवल्यावर आवाज येतो म्हणजे रिंग एका बाजूला झिजलेली आहे. ब्रश एका जागी टेकतो, दुसऱ्या जागी नाही. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

परदेशी_पुणेकर | सोमवार, संध्याकाळी ७.०५

फिटरसाहेब, ब्रश खराब असता तर वायर सोडवून थेट बॉक्सला लावल्यावर हॉर्न वाजायला हवा होता. त्या तपासणीत ब्रशही नव्हता आणि बटणही नव्हतं. तरी वाजला नाही. म्हणजे स्टिअरिंग बॉक्सच अर्थला जोडलेला नाही. वळवल्यावर क्षणभर आवाज येतो, कारण बॉक्सच्या आर्मवरून ड्रॅग लिंक, तिथून पुढचा ॲक्सल, पाटे असा एक लांबचा रस्ता कधीतरी जुळतो. ग्रीसमधून आणि रंगातून जाणारा रस्ता आहे तो, त्यावर हॉर्न चालत नाही.

वाईकर दादा, गाडीचं हल्ली काही मोठं काम झालंय का?

वाईकर_जीप | सोमवार, संध्याकाळी ७.२०

मे महिन्यात बॉडी उतरवून चॅसिसला पावडर कोटिंग करून घेतलं. स्टिअरिंग बॉक्सही तेव्हाच काढून रंगवला. हॉर्न त्यानंतर महिनाभर थोडा थोडा वाजत होता, म्हणून त्याचा संबंध वाटला नाही.

कोयनाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.२४

अहो, हे रविवारी रात्री सांगितलं असतं तर सोमवारी सकाळी हॉर्न वाजला असता!

वाईकर_जीप | सोमवार, संध्याकाळी ७.३१

कोटिंगचा आणि हॉर्नचा संबंध मला कसा कळणार? सेल्फ मारतो, लाइट लागतात, गाडी चालते.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल | सोमवार, संध्याकाळी ७.४८

सेल्फ मारतो कारण बॅटरीची जाड अर्थ पट्टी सरळ इंजिनाला गेलेली असेल. लाइटना कुणीतरी वेगळी अर्थ वायर दिली असेल. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेलं प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. नट-बोल्ट कसले तरी त्याच्यावरच बसतात. सुरुवातीला आट्यांमधून कुठेतरी लोखंड लोखंडाला लागलं असेल, पावसाळ्यात तिथे गंज धरला आणि होता तो अर्थही गेला.

खात्री करायची असेल तर मल्टीमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल स्टिअरिंग बॉक्सच्या उघड्या लोखंडाला. बटण दाबा. चांगल्या अर्थवर शून्याच्या आसपास दिसतं. बारा दिसले तर निदान पक्कं.

आणि आता रिलेबद्दल माझंच म्हणणं थोडं मागे घेतो. आज रिले लावला असता तर या कच्च्या अर्थवरही तो अधूनमधून ओढला गेला असता, कारण त्याला करंट फार थोडा लागतो. बिघाड झाकला गेला असता आणि पुढे कधीतरी घाटात परत समोर आला असता.

सह्यभटकंती | सोमवार, रात्री ८.१५

आमच्या ग्रुपमध्ये एकाने प्रेशर हॉर्न लावलाय, दोन किलोमीटरवर ऐकू जातो. हे सगळं झाल्यावर तसा काही विचार करा.

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ८.२२

पासिंगच्या तोंडावर प्रेशर हॉर्न? नियमात कर्कश आणि अनेक सुरांच्या हॉर्नला बंदी आहे, तिथेच गाडी परत पाठवतील. शिवाय घाटात माणसं असतात, गुरं असतात. कृपा करून नको.

वाईकर_जीप | मंगळवार, सकाळी १०.५०

मीटर लावला. बटण दाबल्यावर १२.३. स्टिअरिंग हळूहळू फिरवत गेलो तर एका जागी आकडा खाली पडला आणि हॉर्न वाजला, पुढे परत १२.३. आता नक्की काय करू? सगळं कोटिंग खरवडायचं का? त्याला पैसे घातलेत.

परदेशी_पुणेकर | मंगळवार, सकाळी ११.१५

सगळं खरवडायची गरज नाही. स्टिअरिंग बॉक्स चॅसिसला ज्या बोल्टनी धरलाय त्यातला एक काढा. त्या बोल्टच्या डोक्याखाली बॉक्सच्या बाजूची वॉशरएवढीच जागा घासून लोखंड उघडं करा. तिथे स्टार वॉशर आणि चार स्क्वेअर एमएमची अर्थ वायर थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून कसा. वायरचं दुसरं टोक बॅटरीची पट्टी इंजिनाला जिथे बसते त्याच बोल्टवर घ्या, चॅसिसच्या भरवशावर राहू नका. थिंबल नुसतं दाबू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. कसून झाल्यावर उघड्या जागेवर पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गंज धरणार नाही. बॉक्सचे बोल्ट एका वेळी एकच सोडा, सगळे एकदम नको. आणि शेवटी पूर्ण ताकदीने कसलेत ना ते दोनदा बघा. हॉर्न नसला तर गाडी थांबवता येते, स्टिअरिंग बॉक्स ढिला राहिला तर नाही.

नाशिकचा_फिटर | मंगळवार, सकाळी ११.४०

हे बरोबर आहे. बोल्ट कसल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, वायर आर्ममध्ये अडकायला नको. मी ब्रशवर अडून बसलो, पण आम्ही गाड्या केल्या तेव्हा चॅसिसला साधा काळा रंग असायचा, बोल्ट कसला की फुटायचा आणि अर्थ आपोआप मिळायचा. हे कोटिंग आमच्या वेळी नव्हतं. पुढच्या गाडीला आधी मीटर लावीन.

वाईकर_जीप | मंगळवार, संध्याकाळी ५.०५

वाजला!!

चार एमएमची वायर मिळाली, पाऊण तासात काम झालं. मीटरवर बटण दाबून ०.०४ येतंय. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, प्रत्येक जागी वाजतो. जुना हॉर्नही कपाटात होता, वडिलांच्या वेळचा. तो लावून बघितला तर तोही चालतो! म्हणजे नवीन आणायची गरजच नव्हती. आता जुनाच ठेवतोय. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. शेतावरून परत येताना वडील ओढ्याच्या वळणावर हा हॉर्न द्यायचे आणि ती चहा टाकायची.

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरुवातीला तिरसटासारखं बोललो, राग मानू नका. पासिंगचं डोक्यात होतं.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

छान. आता बॉडी आणि चॅसिसमध्येही एक अर्थ वायर टाकून घ्या, बॉडी रबरावर बसलेली असते. पेट्रोलचा काटा कसा दाखवतो?

वाईकर_जीप | मंगळवार, संध्याकाळी ५.४२

मे महिन्यापासून चुकीचा दाखवतो. मी मागच्या महिन्यात सेन्सर नवीन टाकला.

डिप्लोमा_इलेक्ट्रिकल | मंगळवार, संध्याकाळी ५.४५

टाकी सीटखाली जिथे कसली आहे तिथला रंग बघा. जुना सेन्सर फेकला नसेल तर ठेवा.

जुनंतेसोनं७२ | मंगळवार, रात्री ९.१०

विंटेज नोंदणीचा विचार पुन्हा करून बघा, मूळ हॉर्नसुद्धा आहे म्हणता तर.

ऊसवाला_कराड | बुधवार, सकाळी ६.५५

माझ्या एमएम ५४० जीपचा हॉर्न उलटा आहे, सतत वाजतो आणि बटण दाबलं की बंद होतो. रिले नवीन टाकल्यापासून. लवकर सांगा.

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ७.२०

रिलेला पिना किती, चार की पाच? आणि हॉर्नची वायर कुठल्या पिनवर आहे? पाच असतील तर मधल्या सत्त्याऐंशी-ए वर लागलेली असणार, ती शेजारच्या सत्त्याऐंशीवर घ्या. नाहीतर वेगळा धागा काढा आणि पहिल्याच वेळी सगळं लिहा.