हॉल ऑफ फेमचा मान कोणाला? आपण पाहिलेल्या खेळाडूंविषयी लिहा

निळी रेषा: 2025 साली अलेक्झांडर मोगिल्नीची टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे आइस हॉकीतल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनासाठी निवड झाली आणि बफलोतले माझे विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. 1992-93 च्या मोसमात बफलोच्या संघाकडून त्याने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये 77 सामन्यांत 76 गोल केले. त्यांतले काही मी मेमोरियल ऑडिटोरियमच्या सर्वांत वरच्या नारिंगी खुर्च्यांतून पाहिले आहेत. पक (खेळातली रबरी चकती) स्टिकवर आला की पहिल्या दोन ढांगांतच तो बचावपटूला मागे टाकून निघून गेलेला असे आणि गोल होण्याआधीच प्रेक्षकांचा आवाज चढू लागे. 1989 मध्ये स्टॉकहोममधून मायदेश सोव्हिएत युनियन सोडून आलेल्या या खेळाडूच्या नावावर 990 सामन्यांत 473 गोल आणि 1,032 गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) आहेत. तरीही 2009 साली पात्र झाल्यापासून त्याला सोळा वर्षे ताटकळत ठेवले गेले. निवड समितीत अठरा सदस्य असतात, चौदा मते लागतात आणि कोणी कोणाला मत दिले हे कधीच जाहीर होत नाही. ही गुप्तता मला खटकते, कारण डावललेल्या खेळाडूला कारण विचारायचीही सोय राहत नाही. आपण कोणासाठी भांडाल?

गोलीची आई: मी गोली, म्हणजे गोलरक्षक ख्रिस ऑसगुडसाठी भांडेन. दर शनिवारी पहाटे मुलाच्या पायांच्या पॅडचे पट्टे आवळताना त्याचा हाच प्रश्न असतो की 401 विजय आणि तीन स्टॅन्ली कप (एनएचएलची विजेतेपदे) पुरेसे का नाहीत. डेट्रॉइटचा संघच बलाढ्य होता, असे सगळे म्हणतात. मग एकही स्टॅन्ली कप न जिंकलेल्या हेनरिक लुंडक्विस्टला 2023 मध्ये घेताना संघाचा विचार बाजूला ठेवला गेला, तो योग्यच होता, पण तोच न्याय ऑसगुडला का नाही?

दुसरी फळी: ताई, लुंडक्विस्टचे 459 विजय आहेत आणि अनेक मोसम त्याने संघ एकट्याच्या खांद्यावर वाहिला. मुलाला आमच्याकडून शाबासकी सांगा, कारण गोलीच्या जागी उभे राहणे हेच मोठे धाडस आहे.

जुना प्रेक्षक: 26 मे 2000 रोजी स्कॉट स्टीव्हन्सच्या धडकेने एरिक लिंड्रॉस निळ्या रेषेजवळ कोसळला, तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोर होतो. तो बर्फावर निपचित पडला होता आणि आमच्या खोलीत कोणी बोलेना. त्याचे 760 सामन्यांत 865 गुण झाले, 2016 मध्ये त्याला मान मिळाला. कारकीर्द किती वर्षे चालली यापेक्षा त्या वर्षांत तो कसा खेळला हे पाहावे, असे मी त्या दिवसापासून मानतो. पॉल कारियाचेही तसेच; 989 सामने आणि बरोबर 989 गुण.

निळी रेषा: काका, आपले म्हणणे पटते. मग पॉल हेंडरसनचे काय करावे? 28 सप्टेंबर 1972 रोजी मॉस्कोत कॅनडा-सोव्हिएत मालिकेच्या अखेरच्या सामन्यात शेवटची 34 सेकंदे उरलेली असताना त्याने जो गोल केला, तो माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी शाळेच्या वर्गात पाहिला होता आणि आजही ते सांगताना त्यांचा गळा दाटतो.

जुना प्रेक्षक: त्या मालिकेतले शेवटचे तिन्ही विजयी गोल त्याचेच होते. तरीही मी मत देणार नाही, कारण एनएचएलमधल्या त्याच्या 236 गोलांना कारकीर्द म्हणून तोलावे लागेल. असे लिहिताना मला वाईट वाटते.

लेकीसोबत: आकड्यांच्या या चर्चेत अँजेला जेम्सचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहिते. 1990 च्या ओटावातील पहिल्या महिला जागतिक स्पर्धेत तिने पाच सामन्यांत अकरा गोल केले, आणि 1998 साली महिला हॉकी प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हा तिला कॅनडाच्या संघातून वगळले गेले. ऑलिम्पिक पदक नाही, एनएचएलचे आकडे नाहीत. तरी 2010 मध्ये ती आणि कॅमी ग्रॅनाटो हॉलमध्ये आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. समितीचा हा निर्णय मला सर्वांत योग्य वाटतो. हॉल आहे त्या जुन्या बँकेच्या इमारतीत, रंगीत काचेच्या घुमटाखाली, माझी लेक काचेच्या पाट्यांवरून बोट फिरवत जेम्सचे नाव शोधत होती. ते सापडल्यावर तिने मला हाक मारली नाही. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.